गॅरेजमधली चटई

हारुए उसवत होती. माझ्या डोळ्यांदेखत, आणि तेही मी आदल्या खेपेला विणलेलं.

"काय झालं? चुकलं होतं का?" मी विचारलं.

"ताण सैल पडलाय इथे," ती म्हणाली आणि चांगला चार बोटं भाग तिनं एकेक पट्टी सोडवत मोकळा केला. मी वाकून बघितलं. ताण कुठेही सैल नव्हता. विणकामातलं मला थोडंफार कळतं, आणि माझ्या हाताला कुणी नाव ठेवलेलं मला खपत नाही, तेव्हाही खपत नव्हतं. पण हारुए सत्तरीची, शाळेत मास्तरीण म्हणून जन्म गेलेला. तिच्याशी वाद कोण घालणार? मी मनातल्या मनात चरफडले.

ही गोष्ट हिलोची. हवाई बेटांपैकी सगळ्यांत मोठ्या बेटावरचं हे गाव. आमच्या ह्यांचं काम पपईवरच्या रोगाचं. दापोलीहून दोन वर्षांसाठी त्यांना तिथल्या संशोधन केंद्रात बोलावलं होतं, म्हणून मीही गेले. सालं होती ब्याण्णव ते चौऱ्याण्णव. हे सकाळी सातला पपईच्या बागांत निघून जायचे आणि मी परक्या मुलखात घराच्या भिंती मोजत बसायचे. एक दिवस समुद्रावर फिरताना समोर झाड दिसलं आणि मी जागच्या जागी थांबले. केवडा! आमच्या खाडीकाठचा केवडाच जणू, फक्त उंच वाढलेला. त्याला ते हाला म्हणतात. खाली एक जाडजूड म्हातारी गळलेली सुकी पानं गोळा करत होती. मी न सांगता वाकले आणि काटे चुकवून पानं उचलायला लागले. तिनं माझ्या हातांकडे बघितलं, तोंडाकडे नाही.

"कुठे शिकलीस?" तिनं विचारलं.

"हे नाही. नारळाचे झाप विणते मी," मी मोडक्यातोडक्या इंग्रजीत सांगितलं.

ती आंटी मोमी. तिकडे वयानं मोठ्या बाईला सगळे आंटीच म्हणतात. इंग्रजीत सगळ्यांना एकच 'यू', पण मनात मी तिला माझ्या काशीआत्यासारखं अगंतुगंच करायचे. ती मला नलू म्हणायला लागली. नालू म्हणजे त्यांच्याकडे लाट, आणि मी आले की गॅरेजमध्ये लाट आल्यासारखं सगळं हलायला लागतं, असं ती चिडवायची.

तिच्या घराला लागून गॅरेज होतं. गाडी बाहेर उन्हात आणि गॅरेजमध्ये आम्ही. मंगळवार, गुरुवार, शनिवार सकाळी आमची बैठक. आंटी, हारुए, आंटीची भाची देलिया आणि मी. देलिया माझ्याच वयाची, पस्तिशीची, सतत हसणारी. दुपारी एका हॉटेलच्या धुलाईखान्यात कामाला जायची. सोमवार, बुधवार, शुक्रवार मात्र आंटीचे इस्पितळाचे. तिची मूत्रपिंडं निकामी झाली होती. सकाळी सहाला गाडी यायची, दुपारपर्यंत तिला डायलिसिसच्या मशीनला जोडून ठेवायचे आणि परत आणून सोडायचे. डाव्या हाताची शीर सुया टोचून टोचून दोरासारखी वर आलेली होती. ती लांब बाह्यांचा झगा घालायची, त्यामुळे ते फारसं दिसायचं नाही.

हे सगळं मला देलियानं सांगितलं तेही बाहेर, अंगणातल्या नीरफणसाखाली. कारण गॅरेजमध्ये एक नियम होता. विणताना वाईट बोलायचं नाही. आजारपण, भांडण, मरणबिरण सगळं बाहेर. बोललेलं विणीत जातं आणि मग निघत नाही, असं आंटी म्हणायची. माझी काशीआत्या झाप विणताना सासूला यथेच्छ शिव्या घालायची. तिचे झाप कुणाच्या घरात गेले असतील त्यांचं काय झालं असेल, असा विचार येऊन मला हसू यायचं.

पहिली दीड वर्षं मी शिकले. पानांच्या कडेचे काटे काढायचे, ओल्या फडक्यानं पुसायचं, सुरीच्या पाठीवरून ओढून मऊ करायचं, एकसारख्या पट्ट्या पाडायच्या. मग टोपल्या, पंखे, एक टोपी. आणि दुसऱ्या वर्षी सप्टेंबरात आंटीनं मला चटईवर बसवलं. ही चटई त्या तिघींनी आधीच सुरू केलेली. पट्टी करंगळीच्या निम्म्या रुंदीची, वीण इतकी बारीक की बोट फिरवलं तर कापडच वाटावं. तिला हात लावायला मिळणं म्हणजे मान होता. मला तो मान पुरा हवा होता. आमची परतीची तिकिटं मार्चअखेरची होती, आणि त्याआधी ही चटई पुरी झालेली मला माझ्या डोळ्यांनी बघायची होती.

आणि चटई पुढेच जाईना!

मी चार बोटं विणावं, हारुएनं तीन उसवावं. देलियाचं तर काय सांगू. पट्टी उलटी घातली म्हणून हसायची आणि अख्खी ओळ सोडवायची. दोघींचे हात ह्या कामात मुरलेले आणि चुका नवशिक्यांच्या. सप्टेंबरात एक वीतभर राहिली होती ती जानेवारीतही वीतभरच. आंटी खुर्चीत बसून सगळं बघायची आणि एक शब्द बोलायची नाही.

"कुणासाठी आहे गं ही?" मी एकदा विचारलं होतं.

"घरातल्यासाठी," आंटी म्हणाली.

हारुएनं लगेच चहाचा विषय काढला. मला वाटलं, देलियाचं लग्न ठरत असेल आणि तिच्यासमोर बोलायचं नसेल.

घरी येऊन मी ह्यांच्यापुढे तोंड सोडायचे. "अहो, बायका आहेत की कोण? आमच्याकडे एका सकाळी वीस झाप व्हायचे. अर्धा झाप टाकून कुणी उठलं तर काशीआत्या जेवायला वाढायची नाही."

"तुझ्या काशीआत्याला पावसाच्या आधी घर शाकारायचं असायचं," हे पेपरातून डोकं न काढता म्हणाले. "ह्यांना कसली घाई आहे? बसतात, गप्पा मारतात. तुलाच कुठे आग लागलीय?"

"मार्चात जायचंय ना आपल्याला! अर्धवट टाकून जाऊ?"

"मग म्हातारीलाच सांग ना सरळ."

सांगितलं. फेब्रुवारीतली गोष्ट. हारुएच्या नातवाचं लग्न होनोलुलूला होतं. हारुए आणि देलिया दोघी बुधवारी जाणार आणि सोमवारी संध्याकाळी येणार होत्या. मंगळवारी बैठक उठल्यावर मी मागे रेंगाळले.

"आंटी, त्या नसताना मी येऊन बसले तर चालेल? माझे हात स्वस्थ बसत नाहीत."

झग्याच्या खिशातून गॅरेजची किल्ली काढून तिनं माझ्या तळहातावर ठेवली आणि माझी मूठ मिटली. "मला माहीत आहे," ती म्हणाली.

मला तर आकाश ठेंगणं झालं. दोन वर्षांत ती किल्ली तिनं हारुएच्या हातातही दिलेली मी पाहिली नव्हती.

बुधवारपासून सोमवारपर्यंत मी रोज सकाळी सातला हजर. बुधवारी, शुक्रवारी आणि सोमवारी आंटी इस्पितळात, गॅरेजमध्ये मी एकटी. कुणी उसवणारं नाही, कुणी हसणारं नाही. हात असे सुटले की काय सांगू! गुरुवारी आंटी बाहेर आली, माझ्या शेजारी बुटक्या स्टुलावर बसली आणि ओल्या फडक्यानं एकेक पट्टी मऊ करून माझ्या हातात द्यायला लागली. गुरूनं शिष्याला पट्टी द्यायची! मी नको नको म्हटलं तर तिनं माझ्या मनगटावर हलकेच चापट मारली.

"तू विण. हे मला जमतं अजून."

शनिवारी तिनं तेच केलं, रविवारी चर्चहून आल्यावर परत तेच. ती गुणगुणायची, मी विणायचे. त्या दिवसांत मला वाटलं की ह्या बाईची लाडकी मीच. खोटं कशाला बोलू, हारुएचा चेहरा मंगळवारी कसा होईल ह्याचंही चित्र मी चवीनं रंगवत होते. सोमवारी दुपारी शेवटचा काठ दुमडून झाला. पट्ट्यांची टोकं तेवढी कापायची ठेवली, कारण टोकं कापायचा मान मोठ्यांचा. वर एक चादर अंथरली आणि घरी गेले.

मंगळवारी सकाळी त्या दोघी आल्या. देलियाच्या गळ्यात लग्नातला हार अजून होता, वाळलेला. आंटी घरात आवरत होती. मला धीर धरवेना.

"डोळे मिटा," मी म्हटलं.

"काय गं, केक केलास की काय?" देलिया म्हणाली.

मी चादर ओढली.

कुणी ओरडलं असतं तरी मला चाललं असतं. देलियाच्या तोंडातून नुसता श्वास निघाला, पोटात कुणी गुद्दा मारल्यावर निघतो तसा. हारुए उभी होती ती भिंतीला हात टेकत टेकत खाली फरशीवरच बसली. तिचा चेहरा पांढराफटक पडला होता. माझं हसू तोंडावर तसंच राहिलेलं मला जाणवत होतं आणि ते काढून टाकता येत नव्हतं.

"वीण चुकली का?" मी विचारलं. दुसरं काय सुचणार मला?

देलियानं माझा दंड धरला. ती बाई ताकदीची. तिनं मला फरफटत बाहेर नीरफणसाखाली नेलं. मागून हारुए आली.

"कुणी सांगितलं होतं तुला?" देलियाचा आवाज फाटला होता. "कुणी सांगितलं होतं पुरी करायला?"

"देलिया, हळू," हारुए म्हणाली. मग माझ्याकडे वळली. मास्तरणीनं मठ्ठ पोरीला सांगावं तसं तिनं एकेक शब्द सुटा करून सांगितलं. "नलू, मोमीनं डॉक्टरला शब्द दिलाय. ही चटई पुरी होईपर्यंत ती मशीनवर जाईल. पुरी झाली की बंद. चटई तिच्यासाठी आहे. तिला पुरताना खाली अंथरायला."

मला वाक्य कळलं आणि कळलं नाही. मी खुळ्यासारखं म्हटलं, "पण ती तर बरी आहे."

"ती मशीनमुळे आहे! मशीन थांबलं की दहा दिवस. फार तर बारा."

मी खोडाला धरलं. सहा फूट लांब, तीन फूट रुंद. पाच महिने मी त्या चटईवर बसत होते, तिच्या बाजूनं रांगत होते, आणि ते माप कशाचं हे माझ्या डोक्यात एकदाही आलं नव्हतं!

"म्हणून तुम्ही उसवत होतात," मी म्हटलं.

"सात महिने," हारुए म्हणाली. "तू चटईवर बसायच्या आधीपासून."

"मग मला का नाही सांगितलं? एकदा इथे, ह्या झाडाखाली तरी..." "मी काय दगड आहे?"

देलिया खाली बघत म्हणाली, "आम्हाला वाटलं तुला कळलंय. कुणालाही कळलं असतं."

ते मला थोबाडीत मारल्यासारखं लागलं. आणि खरंच होतं ते. दोन बायका पाच महिने त्याच वीतभर जागेत चुकतात, आणि मी त्यांना आळशी ठरवून मोकळी झाले होते.

हारुएनं घड्याळ बघितलं. "टोकं अजून कापलेली नाहीत. काठ उलगडता येतो. तिघी बसलो तर अर्ध्या तासात वीतभर सुटेल. मोमी अजून बाहेर आलेली नाही. चल."

आम्ही अक्षरशः धावत आत गेलो. मी काठापाशी गुडघे टेकले आणि पहिली पट्टी नखानं उचलली. माझीच वीण, आणि ती इतकी घट्ट की नख आत जाईना. तेवढ्यात घरातलं दार वाजलं.

आंटी दारात उभी होती. तिनं चटईकडे पाहिलं, मग आम्हा तिघींकडे. मग सावकाश चालत येऊन ती माझ्याशेजारी त्याच बुटक्या स्टुलावर बसली.

"सांगितलं वाटतं हिला," ती म्हणाली.

"तुला माहीत होतं?" देलियानं विचारलं. "आम्ही उसवतोय ते?"

"देलिया, तुला चुकूनही पट्टी उलटी घालता येत नाही. सात वर्षांची असल्यापासून येत नाही." आंटी हसली. "उसवू दिलं तुम्हाला. तुम्हाला बरं वाटत होतं."

मी अजून ती पट्टी धरूनच होते. "आणि किल्ली?" मी म्हटलं. "किल्ली मला का दिलीस?"

तिनं उत्तर टाळलं नाही. मला वाटतं तिनं टाळायला हवं होतं.

"त्या दोघींच्या हातून ही कधीच पुरी झाली नसती. त्यांचं माझ्यावर प्रेम आहे."

"आणि माझं नाही?"

"तुझं कामावर आहे, नलू."

आज तीस वर्षं झाली. ह्या वाक्यानं मला जितका धक्का बसला तितका त्यानंतर कशानंही बसलेला नाही, ह्यांच्या अपघाताचा फोन आला तेव्हासुद्धा नाही. त्या दिवसांत तिनं माझ्या हातात दिलेली एकेक पट्टी मला आठवली. मी लाडकी नव्हते. मी हत्यार होते, चांगलं धार असलेलं.

"तू मला वापरलंस," मी म्हटलं.

"हो. माफ कर मला." तिनं डाव्या हाताची बाही वर केली. मी तो हात उजेडात कधी नीट पाहिलाच नव्हता. मनगटापासून कोपरापर्यंत गाठी, खपल्या, काळेनिळे डाग. सुई टोचायला चांगली म्हणावी अशी तिळाएवढीही जागा उरली नव्हती. "सहा वर्षं. मशीनवर जायचं, दुसरा दिवस झोपून काढायचा, उठलं की परत मशीन. ह्या दोघी येतात म्हणून मी उठून बसते आणि हसते. मला आता हसवत नाही गं."

देलिया तोंडावर हात दाबून रडत होती. हारुए भिंतीकडे तोंड करून उभी होती.

आंटीनं झग्याच्या खिशातून कात्री काढली आणि चटईवर माझ्यापुढे ठेवली.

"काठ तुझा आहे," ती म्हणाली. "तुझ्यावर जबरदस्ती नाही करणार, तेवढी मी वाईट नाही. उसवायचं असेल तर उसव. मी परत मशीनवर जाईन, उद्या सकाळी सहाला. शब्द म्हणजे शब्द. कापायचं असेल तर काप."

"नलू, उसव," देलिया म्हणाली. "हात जोडते. उसव."

मी हारुएकडे बघितलं. तिनं सांगावं असं मला वाटत होतं, कुणीतरी मोठ्या माणसानं सांगावं. ती वळली नाही. गॅरेजबाहेर आंटीची गाडी उन्हात तापत होती आणि शेजारच्या घरात कुणीतरी रेडिओ लावला होता. मी उसवते असंच मनाशी ठरवत होते. पट्टी पकडलेली होती, नख आत गेलंही होतं. मग आंटीनं तो हात, तो सुजलेला हात, माझ्या गुडघ्यावर ठेवला. नुसता ठेवला. त्या हाताचं वजन मला पेलवेना.

मी कात्री उचलली.

पहिलं टोक मी रागानं कापलं, हे मी कबूल करते. तुला काम हवं ना, घे काम, असं काहीतरी माझ्या मनात होतं. दुसरं, तिसरंही रागानंच. देलिया उठून बाहेर पळाली. तिच्या गाडीचा दरवाजा आपटल्याचा आवाज आला. कुठल्या टोकापाशी राग संपला मला सांगता येणार नाही. पण पुढे मला दिसेनासं झालं, आणि मी डोळे पुसून, बोटानं चाचपून टोक शोधायचे आणि कापायचे. हारुए केव्हातरी माझ्यासमोर येऊन बसली. तिनं चटईचा काठ ताणून धरला, म्हणजे मला सरळ कापता यावं. आम्ही दोघींनी अख्खी कड पुरी केली. आंटी स्टुलावर बसून बघत होती.

शेवटचं टोक पडलं तेव्हा ती म्हणाली, "हात द्या मला जरा."

आम्हाला कळलं नाही. एकीनं एका काखेत, दुसरीनं दुसऱ्या काखेत धरून तिला उठवलं. तिनं सपाता काढल्या. चटईवर आली, खाली बसली, एका कोपरावर टेकली आणि सावकाश उताणी झाली. झगा पायांशी नीट केला. दोन्ही हात पोटावर ठेवले. हारुएच्या तोंडून एक चमत्कारिक आवाज निघाला आणि तिनं डोळे मिटून घेतले.

मी मिटले नाहीत. मला मिटताच आले नाहीत. आंटी छताकडे बघत होती. दोन वर्षांत तिच्या चेहऱ्यावर इतका निवांतपणा मी कधी पाहिला नव्हता.

"नलू," ती म्हणाली, "पाय बाहेर जात नाहीत ना बघ गं. मला इथून दिसत नाही."

मी गुडघ्यांवर सरकत तिच्या पायांशी गेले. टाचेपासून काठापर्यंत बोटं लावून मोजली.

"नाही," मी म्हटलं. "चार बोटं उरतायत."